मोजक्या निर्मितीचा निकष : श्रीनिवास खळे आणि पॉल द्यूकास यांच्या आत्मपरीक्षणाचा तौलनिक विचार

१. प्रस्तावना

संगीतकाराच्या कर्तृत्वाचा आढावा घेताना मराठीत दोन ठरावीक वाक्प्रचार वापरले जातात. निर्मिती विपुल असेल तर 'हजारो गाण्यांचा धनी' असे म्हटले जाते आणि ती थोडी असेल तर 'मोजके पण दर्जेदार' असे म्हटले जाते. दोन्ही ठिकाणी समीक्षक प्रत्यक्षात आकडाच पाहत असतो. पहिल्या वाक्यात आकड्याचा गौरव असतो, दुसऱ्यात आकड्याची भरपाई केलेली असते. निर्मिती थोडी का राहिली, ती कलावंताने ठरवून थोडी ठेवली की परिस्थितीने थोडी राहिली आणि या थोडेपणाचा प्रत्यक्ष रचनेशी काय संबंध आहे, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत.

संगीतकार श्रीनिवास खळे यांच्या संदर्भात हे प्रश्न विचारण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. खळे यांचा जन्म ३० एप्रिल १९२६ रोजी झाला आणि २ सप्टेंबर २०११ रोजी ठाण्यात त्यांचे निधन झाले. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात दिवाळी पहाटेच्या आणि भावगीतांच्या कार्यक्रमांना मोठा श्रोतृवर्ग आहे. ठाण्याचे गडकरी रंगायतन, कल्याणचे आचार्य अत्रे रंगमंदिर किंवा डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले कलामंदिर यांपैकी कोठेही असा कार्यक्रम असला तरी त्यात खळे यांचे एखादे गाणे नसणे विरळाच. म्हणजे हा संगीतकार आपल्या परिसरात नित्य ऐकला जातो. मात्र ऐकण्याच्या मानाने त्यांच्यावर विश्लेषक लेखन कमी झाले आहे.

तुलनेसाठी फ्रेंच संगीतकार पॉल द्यूकास (१८६५-१९३५) यांची निवड केली आहे. पाश्चात्त्य संगीताच्या इतिहासात 'स्वतःचा कठोर परीक्षक' म्हणून ज्यांचे नाव प्रथम घेतले जाते, त्यांत द्यूकास आहेत. दोघांत परस्पर प्रभावाचा कोणताही संबंध नाही आणि तसा दावाही येथे नाही. एकाच वृत्तीची दोन वेगळ्या संगीतपरंपरांतील रूपे शेजारी ठेवली असता ती वृत्ती अधिक स्पष्ट दिसते, एवढीच या तुलनेची भूमिका आहे.

२. पॉल द्यूकास : स्तुतीवर अविश्वास

द्यूकास यांचा जन्म १ ऑक्टोबर १८६५ रोजी पॅरिसमध्ये झाला. पॅरिसच्या संगीत विद्यालयात शिकत असताना त्यांचा क्लोद देब्युसी यांच्याशी स्नेह जुळला. १८८८ मध्ये 'प्री द रोम' या प्रतिष्ठेच्या स्पर्धेत त्यांना दुसरे पारितोषिक मिळाले. पहिले मात्र कधीच मिळाले नाही. १८९२ पासून ते नियतकालिकांतून संगीतसमीक्षा लिहू लागले. त्यांच्या पुढील वाटचालीच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. इतरांच्या रचना तपासण्याची सवय असलेला समीक्षक आणि स्वतः रचना करणारा संगीतकार एकाच व्यक्तीत वास करीत होते.

१८९७ च्या प्रारंभी त्यांची सिंफनी सादर झाली आणि त्याच वर्षी मे महिन्यात 'जादूगाराचा शिष्य' ही वाद्यवृंदरचना. गटेच्या १७९७ च्या कथाकाव्यावर आधारलेल्या या रचनेने त्यांना जगभर नाव मिळवून दिले. अर्धवट मंत्र शिकलेला शिष्य झाडूला पाणी भरायला लावतो, पण त्याला थांबवायचे कसे हे त्याला ठाऊक नसते, अशी ही कथा. १९४० मध्ये वॉल्ट डिस्ने यांच्या 'फॅन्टेशिया' या चित्रपटाने ती घरोघर पोहोचवली; मात्र तोवर द्यूकास यांना जाऊन पाच वर्षे झाली होती.

असे यश मिळाल्यावर त्याच साच्याच्या रचनांची मालिका करणे कोणत्याही संगीतकाराला सोपे होते. द्यूकास यांनी तसे केले नाही. पुढे त्यांनी पियानोसाठी एक दीर्घ आणि गंभीर सोनाटा लिहिला, अठराव्या शतकातील फ्रेंच संगीतकार रामो यांच्या एका सुरावटीवर विविध आवर्तने रचली, मेटरलिंक यांच्या संहितेवर एक संगीतिका केली (१९०७) आणि 'ला पेरी' हे नृत्यसंगीत लिहिले (१९१२). प्रत्येक रचना वेगळ्या प्रकारातली आहे आणि त्या त्या प्रकारात त्यांनी जवळजवळ एकेकदाच हात घातला. 'ला पेरी'सुद्धा ते नष्ट करण्याच्या बेतात होते आणि मित्रांच्या आग्रहामुळे ती वाचली, असे सांगितले जाते. त्यानंतरच्या तेवीस वर्षांत देब्युसींच्या स्मृत्यर्थ लिहिलेली पियानोरचना (१९२०) आणि रोन्सार या कवीच्या सुनीतास दिलेली चाल (१९२४) अशा दोन लहान रचनाच त्यांनी प्रसिद्ध होऊ दिल्या. या काळात ते लिहीत नव्हते असे नाही. दुसऱ्या सिंफनीसह अनेक हस्तलिखिते त्यांनी मृत्यूपूर्वी स्वतः नष्ट केली. त्यामुळे डझनभराच्या आसपासच रचना आज उपलब्ध आहेत.

याच काळात ते अध्यापन करीत होते. १९२८ पासून ते पॅरिसच्या संगीत विद्यालयात रचनाशास्त्राचे प्राध्यापक होते. ऑलिव्हिए मेसियाँ, मोरीस द्यूर्‌युफ्ले आणि स्पेनचे होआकिन रोद्रिगो हे त्यांचे विद्यार्थी. द्यूर्‌युफ्ले यांनीही पुढे अत्यंत थोड्या रचना प्रसिद्ध केल्या. मेसियाँ मात्र विपुल लिहिणारे ठरले. एकाच गुरूच्या वर्गातून असे परस्परविरोधी स्वभावाचे शिष्य बाहेर पडले, यावरून द्यूकास यांनी आपले मौन विद्यार्थ्यांवर लादले नसावे, असा निष्कर्ष काढता येतो.

फ्रान्समधील आणखी एका उदाहरणाचा उल्लेख येथे आवश्यक आहे. आंरी द्यूपार्क (१८४८-१९३३) यांनी वयाच्या सदतिसाव्या वर्षी रचना करणे थांबवले, आपल्या संगीतिकेसह बहुतेक लेखन नष्ट केले आणि मागे सुमारे सतरा गीते ठेवली. बोदलेअरसारख्या कवींच्या कवितांना दिलेल्या या चाली फ्रेंच कलागीताच्या शिखरस्थानी मानल्या जातात. मात्र द्यूपार्क यांच्या मौनामागे मज्जासंस्थेचा दीर्घ आजार होता. थोड्या निर्मितीची कारणे एकसारखी नसतात, हे या उदाहरणावरून लक्षात येते आणि खळे यांच्याकडे वळताना ही सावधगिरी उपयोगी पडते.

३. श्रीनिवास खळे : नकारावर अविश्वास

खळे यांचे शास्त्रीय संगीताचे शिक्षण बडोद्यात मधुसूदन जोशी यांच्याकडे झाले. मुंबईस आल्यावर त्यांचा प्रारंभीचा काळ ओढगस्तीचा होता. के. दत्ता (दत्ता कोरगावकर) यांचे साहाय्यक म्हणून त्यांनी काम केले. पुढे आकाशवाणीच्या आणि ध्वनिमुद्रिकांच्या क्षेत्रात ते स्थिरावले.

त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका १९५२ ची. 'गोरी गोरी पान' आणि 'एका तळ्यात होती' ही ग. दि. माडगूळकरांची दोन गीते आशा भोसले यांच्या स्वरात त्या तबकडीच्या दोन बाजूंवर मुद्रित झाली. ही गीते मुळात 'लक्ष्मीपूजन' या चित्रपटासाठी होती. चित्रपटाच्या निर्मात्यास त्या चाली पसंत पडल्या नाहीत आणि खळे यांच्या हातून ते काम गेले. माडगूळकरांनी मात्र त्या चालींवर विश्वास ठेवला आणि गीते स्वतंत्र ध्वनिमुद्रिका म्हणून बाहेर आली. त्यानंतर या दोन गाण्यांवर मराठी मुलांच्या किती पिढ्या वाढल्या, हे वेगळे सांगावयास नको.

हा प्रसंग बहुधा 'निर्मात्याची चूक' म्हणून चविष्टपणे सांगितला जातो. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याचा अर्थ निराळा आहे. सव्वीस वर्षांचा, नाव नसलेला, कामाची निकड असलेला संगीतकार निर्मात्याच्या आवडीप्रमाणे चाली बदलून देऊ शकला असता. चाली बदलल्या नाहीत आणि टाकूनही दिल्या गेल्या नाहीत. यशस्वी ठरलेल्या लेखनावर द्यूकास यांनी अविश्वास दाखवला. नाकारल्या गेलेल्या चालींवर खळे यांनी विश्वास ठेवला. वरवर पाहता ही परस्परविरोधी वर्तने आहेत, पण दोहोंच्या मुळाशी एकच भूमिका आहे. रचनेचा निवाडा रचनाकाराने स्वतः करावयाचा. बाहेरची स्तुती किंवा बाहेरचा नकार हा त्या निवाड्यातील पुरावा नव्हे. आत्मपरीक्षण म्हणजे केवळ कठोरपणा, असे समजले जाते. निकष खरोखर स्वतःचा असेल तर त्यात टाकण्याइतकेच जपणेही येते.

चित्रपटक्षेत्रात खळे यांची नोंद 'यंदा कर्तव्य आहे' (१९५६), 'बोलकी बाहुली', 'जिव्हाळा', 'पोरकी', 'सोबती' आणि 'पळसाला पाने तीन' या सहा मराठी चित्रपटांपुरती आहे. सुधीर फडके, वसंत पवार, राम कदम या समकालीनांच्या चित्रपटसूचीपुढे ही संख्या अगदी लहान आहे. मात्र ती सर्वस्वी त्यांच्या निवडीचे फलित होती असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. चित्रपटसृष्टीनेही त्यांना फारसे बोलावले नाही. म्हणून खळे यांच्या आत्मपरीक्षणाचा पुरावा चित्रपटांच्या संख्येत शोधण्यापेक्षा त्यांच्या रचनेत शोधणे अधिक न्याय्य आहे.

४. रचनेतील आत्मपरीक्षण

रचनेच्या अंगाने खळे यांच्या संगीतातील तीन बाबी विचारात घ्याव्यात.

पहिली बाब शब्दांच्या अग्रक्रमाची. आधी कविता, नंतर चाल, हा त्यांचा आग्रह सर्वश्रुत आहे. तयार चालीवर शब्द बसवून घेण्याची पद्धत चित्रपटव्यवसायात रूढ होती आणि त्या पद्धतीतूनही चांगली गाणी झाली आहेत. परंतु आधी चाल करणाऱ्या संगीतकारास आपल्या आवडत्या स्वरसमूहांकडे पुन्हा पुन्हा जाण्याची मुभा असते. आधी कविता स्वीकारणारा संगीतकार ती मुभा स्वतःच सोडतो. प्रत्येक कवितेचे वजन, विराम आणि आशय वेगळा; त्यामुळे जुनी हातखंडा सुरावट तेथे चालत नाही. याचा अर्थ असा की, द्यूकास यांचे परीक्षण रचना लिहून झाल्यावर सुरू होत असे आणि अनेकदा अग्नीत संपत असे. खळे यांनी परीक्षणाची अट रचनेच्या आरंभालाच घातली होती. त्यामुळे त्यांना जाळण्याजोगे फारसे लिहावेच लागले नसावे.

दुसरी बाब अंतऱ्यांची. भावगीताचा रूढ घाट एक मुखडा आणि एकाच चालीचे तीन-चार अंतरे असा आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटे मिळत, त्या काळात हा घाट सोयीचाही होता. गायकास एक अंतरा आला की बाकीचे येतात आणि श्रोत्यासही गाणे लवकर पाठ होते. मंगेश पाडगावकरांच्या 'श्रावणात घन निळा बरसला' या कवितेस चाल देताना खळे यांनी ही सोय नाकारली. लता मंगेशकरांनी गायिलेल्या या गीतात अंतऱ्यांच्या चाली वेगवेगळ्या आहेत. कवितेत एका मागोमाग एक निसर्गचित्रे येतात आणि प्रत्येक चित्राची भावस्थिती निराळी आहे, तर त्यांना एकच चाल कशी पुरेल, असा प्रश्न संगीतकाराने स्वतःस विचारलेला दिसतो. विशेष म्हणजे एवढे वैविध्य असूनही गाणे विस्कळीत होत नाही; प्रत्येक अंतरा वेगळ्या वाटेने जाऊन मुखड्याशी सहज मिळतो. हौशी गायकांची या गाण्यात जी त्रेधा उडते तिचे कारण हेच आहे. तेथे पाठांतर पुरत नाही, कवितेचा क्रमही ध्यानात ठेवावा लागतो.

रामोच्या सुरावटीवरील द्यूकास यांच्या आवर्तनांची येथे आठवण होते. एकाच बीजाकडे अनेक दिशांनी पाहणे हे तेथेही रचनेचे सूत्र आहे. फरक असा की, द्यूकास यांच्याकडे बीज स्वरांचे आहे आणि खळे यांच्याकडे ते शब्दांचे आहे.

तिसरी बाब स्वतःची पुनरावृत्ती टाळण्याची. 'कळीदार कपूरी पान' ही सुलोचना चव्हाण यांनी गायिलेली बैठकीची लावणी आणि शाहीर साबळे यांच्या आवाजातील 'जय जय महाराष्ट्र माझा' हे महाराष्ट्रगीत या दोन्हींचे कवी राजा बढे आणि संगीतकार खळे. कवी एक, संगीतकार एक. तरी एकीचे ऐकून दुसऱ्याचा तर्क करता येत नाही. यांपैकी दुसरे गीत २०२३ मध्ये महाराष्ट्राचे अधिकृत राज्यगीत झाले, म्हणजे संगीतकाराच्या निधनानंतर बारा वर्षांनी. वा. रा. कांत यांची 'बगळ्यांची माळ फुले' ही कविता वसंतराव देशपांडे यांच्या गळ्यासाठी, आचार्य अत्रे यांच्या 'पाणिग्रहण' या नाटकातील 'उगवला चंद्र पुनवेचा' हे पद रंगभूमीसाठी, 'नीज माझ्या नंदलाला' ही अंगाई, असे प्रकार बदलत जातात. इंदूरच्या वातावरणात वाढलेले आणि गझलगायनाकडे ओढा असलेले अरुण दाते यांना खळे यांनी 'शुक्रतारा मंद वारा' या गीताने मराठी भावगीतात आणले. सुधा मल्होत्रा यांच्यासह गायिलेल्या त्या युगुलगीतात दोघांपुरता एकांत आहे. 

संतरचनांच्या बाबतीतही असेच म्हणता येईल. तुकारामांचा अभंग म्हटला की टाळ-मृदंगाचा गजर आणि समूहाचा नाद कानांशी येतो. लता मंगेशकरांच्या स्वरातील 'भेटीलागी जीवा' मध्ये खळे यांनी एका जीवाची एकाकी ओढ पुढे आणली. तुकारामांच्या अभंगांत स्वतःशीच चाललेला झगडा आणि स्वतःची निर्भीड झाडाझडती ठायी ठायी आढळते. तिच्याकडे या संगीतकाराचे लक्ष गेले, हे त्याच्या स्वभावाशी सुसंगतच आहे. तुकारामांच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्या आणि तेरा दिवसांनी तरल्या, अशी आपली परंपरा सांगते. द्यूकास यांनी अग्नीत टाकलेली हस्तलिखिते परत येणार नव्हती. आपल्या परंपरेने मात्र बुडालेली वाणी लोकांच्या तोंडी तरली, असे मानले. 'गोरी गोरी पान' हे त्याचे लहानसे लौकिक उदाहरण म्हणता येईल.

५. काही आक्षेप

या विवेचनावर दोन आक्षेप घेता येतील.

पहिला आक्षेप असा की, अशा मांडणीतून अल्पनिर्मिती हाच गुण ठरतो. तसे नाही. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्याला एक याप्रमाणे 'गीतरामायण' प्रसारित झाले. माडगूळकरांची छप्पन्न गीते आणि सुधीर फडके यांच्या छप्पन्न चाली प्रक्षेपणाच्या मुदतीच्या धाकात तयार झाल्या आणि मराठी संगीतातील तो एक सर्वमान्य ठेवा झाला. वेळेचे बंधन आणि विपुलता यांच्यामुळे दर्जा घसरतोच असे नाही. स्वतः फडके यांनी 'जिव्हाळा' (१९६८) या चित्रपटात खळे यांच्या चालीवर 'लळा जिव्हाळा' हे गीत गायिले आहे. विपुल निर्मिती करणाऱ्या संगीतकाराने मोजके लिहिणाऱ्याच्या चालीस आपला आवाज दिला, हे दोन वृत्तींमध्ये वैर नसल्याचे चांगले उदाहरण आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. द्यूकास यांची दुसरी सिंफनी खरोखर टाकाऊ होती काय? हे आता कोणालाच ठरविता येणार नाही. कलावंत स्वतःच्या कृतीचा नेहमीच उत्तम परीक्षक असतो, असे मानण्यास आधार नाही. 'ला पेरी' नष्ट झाली असती तर झालेली हानी आज आपणास कळली असती, कारण ती आपल्यापुढे आहे. जे नष्ट झाले त्याची हानी मात्र मोजताच येत नाही. परिपूर्णतेची ओढ एका मर्यादेपलीकडे निर्मितीच्याच मुळावर येते, हा धडाही द्यूकास यांच्या चरित्रात आहे आणि त्यांच्याविषयीच्या आदरापोटी तो झाकून ठेवू नये. या दृष्टीने खळे यांचा मार्ग अधिक निरोगी वाटतो. त्यांनी निकष कडक ठेवला, पण तो रचना घडतानाच वापरला. घडलेल्या रचनेवर मात्र विश्वास टाकून ती गायकाच्या आणि श्रोत्याच्या स्वाधीन केली. लता मंगेशकर आणि पंडित भीमसेन जोशी या दोन थोर गायकांना एकत्र आणणारे 'राम श्याम गुणगान' त्यांच्या वयाच्या साठीच्या सुमारास झाले. २०१० मध्ये त्यांना पद्मभूषण सन्मान मिळाला. उतारवयातही त्यांचे काम थांबलेले नव्हते. शंकर महादेवन यांच्यासारख्या पुढे वेगळ्याच क्षेत्रात नाव मिळविणाऱ्या गायकानेही त्यांच्याकडे धडे घेतले.

६. समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष हाती येतात. (१) निर्मितीची संख्या हा आत्मपरीक्षणाचा पुरावा होऊ शकत नाही; संख्या कमी असण्यामागे निवड, आजार, व्यवसायाची उदासीनता अशी भिन्न कारणे असतात आणि समीक्षेने ती वेगळी केली पाहिजेत. (२) आत्मपरीक्षणाचा खरा पुरावा रचनेच्या अंतर्गत असतो. खळे यांच्या बाबतीत तो कवितेचा अग्रक्रम, अंतऱ्यांचे वैविध्य आणि पुनरावृत्तीचा त्याग यांत आढळतो. (३) आत्मपरीक्षणात स्वतःची कृती नाकारण्याइतकेच इतरांनी नाकारलेली कृती जपणेही अंतर्भूत आहे.

शेवटी आपल्या व्यवसायाविषयी थोडे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी अध्यापकाचे संशोधन गुणांकांच्या कोष्टकात मांडले. पुढे त्या कोष्टकात फेरबदल झाले, तरी प्रसिद्ध केलेल्या लेखांची संख्या मोजण्याची आपली सवय कायम आहे. कोणत्याही व्यवस्थेस काही मोजमाप लागतेच, हे मान्य करावे लागेल. परंतु लेख पाठविण्यापूर्वी तो आपल्या स्वतःच्या निकषास उतरतो काय, हा प्रश्न कोणतेही कोष्टक आपल्या वतीने विचारू शकत नाही. आणि एखाद्या परीक्षकाने परत पाठविलेला लेख आपल्याला मनापासून पटत असेल, तर तो दप्तरात पुरून न टाकता योग्य स्थळ मिळेपर्यंत जपण्याचे धैर्यही आपल्याकडे हवे. एका निर्मात्याने नाकारलेल्या दोन चाली आज आपल्या घराघरांत मुले गुणगुणत आहेत. २०२६ हे खळे यांच्या जन्मशताब्दीचे वर्ष. त्या निमित्ताने आपल्या महाविद्यालयांतून त्यांच्या गीतांचे कार्यक्रम होतील, ते व्हावेतही. त्यांच्या जोडीने मराठी आणि संगीत या विभागांनी एकत्र येऊन त्यांच्या एकेका गीताचे बारकाईने वाचन आणि श्रवण हाती घेतले, तर या संगीतकाराने स्वतःच्या रचनेवर जेवढे लक्ष दिले त्याचा थोडा तरी अंश आपण त्याच्यावर दिला असे होईल.